सूत्रधार कोण? पुणे ते बंगळुरू: चार खुनांच्या तपासाचा आढावा

न उलगडलेला खून म्हटला की आरोपीच न सापडलेला खून डोळ्यांसमोर येतो. फाइल धूळ खात पडलेली, तपास अधिकारी निवृत्त झालेला, आणि दर वर्षी कुठल्या तरी दैनिकात त्यावर एक लेख. बंगळुरूचे गौरी लंकेश खून प्रकरण या साच्यात बसत नाही. तिथे अठरा आरोपींची नावे आहेत. मुख्य आरोपपत्र ९,२३५ पानांचे आहे. साक्षीदारांची यादी पाचशेच्या वर गेलेली आहे. या प्रकरणाशी धागा जोडला जातो तो पुण्याचा डॉ. नरेंद्र दाभोलकर खून खटला तर निकालापर्यंत पोहोचला आणि दोघांना जन्मठेप झाली. तरीही या चार खुनांविषयी बोलताना पुण्यात, कोल्हापुरात, धारवाडला आणि बंगळुरूला एकच प्रश्न विचारला जातो: हे घडवून कुणी आणले?

या प्रश्नाचे आज नेमके काय झाले आहे, हे पाहण्यासाठी हा आढावा आहे. ज्यांना अजून कुठल्याही खटल्यात शिक्षा झालेली नाही अशा आरोपींची नावे इथे मुद्दामच दिलेली नाहीत.

चार घटना

२० ऑगस्ट २०१३. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे संस्थापक आणि ‘साधना’ साप्ताहिकाचे संपादक डॉ. दाभोलकर सकाळी फिरायला निघाले होते. पुण्याच्या ओंकारेश्वर मंदिराजवळच्या महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पुलावर मोटरसायकलवरून आलेल्या दोघांनी त्यांना गोळ्या घातल्या. ते ६७ वर्षांचे होते. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे सरकारदरबारी खेपा घालत होते, त्याचा अध्यादेश त्यांच्या मृत्यूनंतर अवघ्या काही दिवसांत निघाला.

१६ फेब्रुवारी २०१५. कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमाताई सकाळचा फेरफटका आटोपून सागरमाळ परिसरातल्या घराकडे परतत असताना त्यांच्यावर गोळीबार झाला. उमाताई वाचल्या. ‘शिवाजी कोण होता?’ या छोट्याशा पुस्तकामुळे खेडोपाडी पोहोचलेले ८१ वर्षांचे पानसरे २० फेब्रुवारीला मुंबईत मरण पावले.

त्याच वर्षी ३० ऑगस्टला, सकाळीच, धारवाडच्या कल्याणनगरात डॉ. एम. एम. कलबुर्गी यांच्या दारावर टकटक झाली. वचन साहित्याचे मोठे अभ्यासक, हंपीच्या कन्नड विद्यापीठाचे माजी कुलगुरू, वय ७६. त्यांना घराच्या दारातच गोळ्या घालण्यात आल्या.

चौथी घटना ५ सप्टेंबर २०१७ ची, आणि ती एकटी रात्रीची. ‘गौरी लंकेश पत्रिके’च्या संपादक गौरी लंकेश कार्यालयातून राजराजेश्वरीनगरातल्या घरी आल्या. फाटकापाशी असतानाच हेल्मेट घातलेल्या माणसाने त्यांच्यावर चार गोळ्या झाडल्या, त्यातल्या तीन लागल्या. त्या ५५ वर्षांच्या होत्या. कन्नड वाचकांसाठी त्या लेखक-पत्रकार पी. लंकेश यांच्याही कन्या होत्या. मराठी वाचकाला हे नाते समजावून सांगावे लागते. कर्नाटकात लागत नाही.

चौघेही लिहिणारे-बोलणारे. चौघांवरही गावठी बनावटीच्या ७.६५ मिमी पिस्तुलाने हल्ला झाला, हल्लेखोर मोटरसायकलने आले आणि मोटरसायकलनेच पसार झाले. साम्य एवढे उघड होते की ते पोलिसांच्या आधी रस्त्यावरच्या लोकांनी बोलून दाखवले. पण न्यायालयात साम्य दाखवून भागत नाही, आणि पुढची सगळी गुंतागुंत इथूनच सुरू होते.

पहिली काही वर्षे

प्रत्येक खुनानंतर तपास आधी जवळच्या कारणांकडे वळला. यात गैर काही नाही. कुठलाही ठाणेदार तेच करील. दाभोलकर प्रकरणात पुणे पोलिसांनी शस्त्रांचा बेकायदा धंदा करणाऱ्या दोघांना धरले, पण त्यांच्यावर आरोपपत्र दाखल होऊ शकले नाही. तपासासाठी प्लँचेटचा आधार घेतल्याची बातमी २०१४ मध्ये आली. तत्कालीन पोलीस आयुक्तांनी ती फेटाळली. अंधश्रद्धा निर्मूलनासाठी आयुष्य वेचलेल्या माणसाच्या खुनाबाबत अशी बातमी यावी, हेच त्या तपासाबद्दल पुरेसे बोलके होते. मे २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हे प्रकरण सीबीआयकडे दिले.

कोल्हापुरात सुरुवातीला चर्चा होती ती टोलविरोधी आंदोलनाची, कारण पानसरे त्यात आघाडीवर होते. धारवाडमध्ये घरगुती वाद आणि लिंगायत समाजातले जुने वितंडवाद धुंडाळले गेले. कलबुर्गींच्या मूर्तिपूजेविषयीच्या वक्तव्यावरून २०१४ मध्ये गदारोळ झाला होता, तेही तपासात आले. बंगळुरूत नक्षलवादी कोनाची चर्चा झाली. शस्त्र खाली ठेवू पाहणाऱ्या नक्षलवाद्यांना मुख्य प्रवाहात आणण्याच्या कामात गौरी लंकेश यांचा सहभाग होता आणि त्यामुळे कुणी दुखावले असेल, असा तो तर्क होता. यांपैकी एकही धागा पुढे गेला नाही.

दरम्यान दोन राज्यांत मिळून तपास यंत्रणा झाल्या होत्या चार: सीबीआय, महाराष्ट्राचे विशेष तपास पथक (एसआयटी), कर्नाटकची सीआयडी आणि शेवटी बंगळुरूची एसआयटी. सप्टेंबर २०१५ मध्ये पानसरे प्रकरणात पहिली अटक सांगलीत झाली. जून २०१६ मध्ये सीबीआयने दाभोलकर प्रकरणात एका कान-नाक-घसा तज्ज्ञाला अटक केली. या दोन्ही अटकांनंतर हिंदुत्ववादी सनातन संस्थेचे नाव चर्चेत आले. संस्थेने तेव्हापासून आजतागायत या खुनांशी कसलाही संबंध नाकारला आहे, आणि संस्था म्हणून ती यांतल्या कुठल्याही खटल्यात आरोपी नाही. ही नोंद प्रत्येक चर्चेत करायला हवी, आणि ती बहुतेक वेळा सुटते.

दर महिन्याच्या २० तारखेला ओंकारेश्वरच्या पुलावर अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते जमत राहिले. कोल्हापुरात ‘निर्भय मॉर्निंग वॉक’ सुरू झाला. ‘जवाब दो’ ही घोषणा याच काळातली.

बंगळुरूत काय वेगळे झाले

गौरी लंकेश यांच्या खुनानंतर कर्नाटक सरकारने लगेच विशेष तपास पथक नेमले. प्रमुख होते बी. के. सिंह आणि मुख्य तपास अधिकारी एम. एन. अनुचेत. माहिती देणाऱ्याला दहा लाखांचे बक्षीस जाहीर झाले, ऑक्टोबरमध्ये संशयितांची रेखाचित्रे प्रसिद्ध झाली, आणि मग काही महिने बाहेरून पाहणाऱ्याला काहीच घडताना दिसले नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये मंड्या जिल्ह्यातल्या मद्दूरचा एक तरुण बेकायदा काडतुसांसह सापडला. त्याच्या फोनवर पाळत ठेवल्यावर, सार्वजनिक फोनवरून त्याच्याशी संपर्क साधणारी माणसे पोलिसांच्या नजरेत आली. एसआयटीच्या म्हणण्यानुसार ही माणसे तेव्हा म्हैसूरचे लेखक के. एस. भगवान यांच्या खुनाच्या तयारीत होती.

मे २०१८ मध्ये दावणगेरेत काही जणांना पकडले गेले आणि त्यांतल्या पिंपरी-चिंचवडच्या एकाकडे डायऱ्या मिळाल्या. त्यात सांकेतिक भाषेतले फोन नंबर, टोपणनावे आणि लेखक-विचारवंतांच्या नावांची यादी होती. गिरीश कार्नाड यांचेही नाव त्यात होते. जूनमध्ये विजयपुरा जिल्ह्यातल्या सिंदगीच्या एका तरुणाला गोळ्या झाडणारा म्हणून अटक झाली. एसआयटीने उभे केलेले चित्र असे: नाव नसलेली एक टोळी, एकमेकांची खरी नावेही माहीत नसलेले सदस्य, भरती करणारे वेगळे, मोटरसायकल चोरून आणणारे वेगळे, पिस्तूल सांभाळणारे वेगळे, आणि बेळगाव जिल्ह्यातल्या रानात नेमबाजीचा सराव. या टोळीची प्रेरणा सनातन संस्थेने प्रकाशित केलेल्या ‘क्षात्रधर्म साधना’ या पुस्तकात आहे, असेही आरोपपत्रात म्हटले आहे. एक आरोपी जानेवारी २०२० मध्ये झारखंडमधल्या धनबाद जिल्ह्यात, कतरासला, पकडला गेला. एक अद्याप फरार आहे.

एसआयटीच्या माहितीचा पहिला मोठा परिणाम महाराष्ट्रात दिसला. ऑगस्ट २०१८ मध्ये महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाने नालासोपाऱ्यात छापे घालून स्फोटके व शस्त्रे पकडली. त्या चौकशीतून दाभोलकर प्रकरणाची दिशाच बदलली. सीबीआयने त्यानंतर औरंगाबादहून सचिन अंदुरेला अटक केली आणि तो व शरद कळसकर हेच पुलावरचे हल्लेखोर होते, असे सांगितले. पाच वर्षे पुण्यात जे सापडले नव्हते, ते बंगळुरूच्या तपासातून पुण्यात आले. महाराष्ट्राच्या पोलिसांविषयी अभिमान बाळगणाऱ्या माझ्यासारख्याला हे लिहिताना बरे वाटत नाही, पण तारखा हेच सांगतात.

तपासाच्या तंत्रातही नवे काही होते. लंकेश यांच्या घराच्या सीसीटीव्हीत हल्लेखोराचा चेहरा हेल्मेटमुळे दिसत नव्हता. एसआयटीने संशयिताला तशीच हालचाल करायला लावून त्याची चाल आणि अंगलट चित्रफितीशी ताडून पाहिली. चालीवरून माणूस ओळखण्याचे हे शास्त्र अजून बाल्यावस्थेत आहे. न्यायालय त्याला किती वजन देते, हे निकालातच कळेल.

पुंगळ्या काय सांगतात

चार खून एकाच कटाचे, या म्हणण्याचा सर्वांत ठोस पाया म्हणजे घटनास्थळी मिळालेल्या गोळ्या आणि रिकाम्या पुंगळ्या. त्यामुळे इथे जरा थांबायला हवे.

पिस्तुलाचा घोडा दाबला की आतली टोचणी पुंगळीच्या बुडावर आदळते आणि तिथे खाच उमटते. स्फोटाच्या दाबाने पुंगळी मागच्या पोलादी भागावर दाबली जाते, त्या पृष्ठभागावरचे ओरखडेही तिच्यावर उतरतात. गोळी नळीतून जाताना नळीतल्या खडबडीतपणाच्या रेषा अंगावर घेऊन बाहेर पडते. तपासनीस तुलनादर्शक सूक्ष्मदर्शकाखाली दोन पुंगळ्या शेजारी ठेवून या खुणा जुळवतो. कारखान्यात बनलेल्या पिस्तुलापेक्षा गावठी पिस्तूल ओबडधोबड असते. म्हणून एका परीने त्याच्या खुणा जास्त वेगळ्या ओळखू येतात. पण त्याच लेथवर, त्याच हत्याराने घडवलेल्या दुसऱ्या पिस्तुलातही काही खुणा सारख्या निघू शकतात. तपासनिसाने कोणत्या खुणा एका पिस्तुलाच्या आणि कोणत्या एका घडणीच्या, हे ठरवायचे असते, आणि हे ठरवणे बव्हंशी त्याच्या अनुभवावर असते. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार मंडळाने २०१६ मध्ये याच कारणासाठी या शास्त्राच्या पायाभूत अभ्यासांवर शंका घेतली होती.

कर्नाटकच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेच्या तपासणीतून जे बाहेर आले ते थोडक्यात असे: पानसरे यांच्यावर दोन पिस्तुलांतून गोळ्या झाडल्या गेल्या. त्यातले एक दाभोलकरांच्या खुनात वापरलेले, दुसरे कलबुर्गींच्या खुनात वापरलेले. आणि कलबुर्गींना मारले तेच पिस्तूल दोन वर्षांनी राजराजेश्वरीनगरात वापरले गेले. म्हणजे दोन पिस्तुले, चार खून आणि कोल्हापूर हा त्यांचा सांधा.

सुरुवातीच्या काळात मात्र प्रयोगशाळांच्या मतांत फरक पडला. मुंबईच्या कलिना प्रयोगशाळेचे आणि बंगळुरूचे निष्कर्ष तंतोतंत जुळत नसल्याने सीबीआयने पुंगळ्या लंडनला स्कॉटलंड यार्डकडे पाठवायचे ठरवले. त्यात बराच काळ गेला. शेवटी दोन देशांत त्यासाठी लागणारा कायदेशीर करार नसल्याचे कारण निघाले आणि पुंगळ्या गुजरातच्या प्रयोगशाळेकडे गेल्या.

पिस्तुले स्वतः कुठे आहेत? तपास यंत्रणांच्या म्हणण्याप्रमाणे ती मोडून, तुकडे करून ठाण्याच्या खाडीत फेकली गेली. परदेशी पाणबुड्यांच्या मदतीने खाडीचा तळ ढवळून मार्च २०२० मध्ये एक पिस्तूल बाहेर काढण्यात आले. त्यावर कोट्यवधी रुपये खर्च झाल्याच्या बातम्या आल्या. पुण्याचा निकाल मात्र या पिस्तुलावर उभा राहिला नाही. तो प्रत्यक्षदर्शी साक्षीदारांवर उभा राहिला.

पुण्याचा निकाल

सप्टेंबर २०२१ मध्ये पाच आरोपींवर आरोप निश्चित झाले. सरकार पक्षाने वीस साक्षीदार तपासले, बचाव पक्षाने दोन. १० मे २०२४ रोजी विशेष न्यायाधीश पी. पी. जाधव यांनी अंदुरे आणि कळसकर यांना खुनाबद्दल जन्मठेप आणि प्रत्येकी पाच लाखांचा दंड सुनावला. उरलेल्या तिघांना निर्दोष सोडले. कट सिद्ध झाला नाही, बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याचे (यूएपीए) कलमही टिकले नाही.

निकालपत्राचा जो भाग नंतर सर्वांत जास्त चर्चिला गेला, त्याचा आशय असा: खून पूर्ण तयारीनिशी, आखणी करून झाला, शिक्षा झालेल्या दोघांची आर्थिक-सामाजिक स्थिती पाहता ते त्याचे सूत्रधार नव्हेत, खरा सूत्रधार कुणी वेगळाच आहे आणि त्याच्यापर्यंत पोहोचण्यात पुणे पोलीस आणि सीबीआय दोघेही अपयशी ठरले. सुटलेल्या तिघांविषयी संशयाला जागा आहे, पण संशयाचे पुराव्यात रूपांतर झाले नाही, असेही न्यायालयाने म्हटले. न्यायालयानेच सूत्रधार असल्याचे नोंदवावे आणि तो आपल्यापुढे आणला गेला नाही असेही नोंदवावे, हे आपल्याकडे क्वचित घडते.

तीन भूमिका

या प्रश्नावर आज साधारण तीन भूमिका आहेत.

पहिली कुटुंबीयांची आणि त्यांच्यासोबतच्या संघटनांची. मुक्ता व हमीद दाभोलकर, मेघा पानसरे, उमादेवी कलबुर्गी आणि कविता लंकेश यांनी निरनिराळ्या न्यायालयांत, निरनिराळ्या शब्दांत एकच म्हणणे मांडले आहे: चार खून हा एकच कट आहे, तो तुकड्यातुकड्याने तपासला तर सूत्रधार सुटणारच. त्यांच्या बाजूला पुंगळ्या आहेत, डायऱ्या आहेत, एकाहून अधिक खटल्यांत येणारी तीच नावे आहेत. फेब्रुवारी २०१९ मध्ये उमादेवींच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने कलबुर्गींचा तपासही बंगळुरूच्या एसआयटीकडे दिला आणि काही महिन्यांत आरोपपत्र आले. चार वर्षे रखडलेल्या तपासाला एका हाती दिल्यावर गती आली, हा या भूमिकेचा सर्वांत मजबूत दाखला आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये मुक्ता दाभोलकर यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने सीबीआयला विचारलेही, की या चारही प्रकरणांत समान धागा आहे का.

दुसरी भूमिका बचाव पक्षाची आणि हिंदुत्ववादी संघटनांची. त्यांचे म्हणणे असे की आधी निष्कर्ष ठरला आणि मग त्यात बसणारी माणसे शोधली गेली. त्यांच्या हातातला सर्वांत मोठा मुद्दा सीबीआयनेच त्यांना दिला आहे. २०१६ च्या आरोपपत्रात दाभोलकरांवर गोळ्या झाडणारे म्हणून फरार असलेल्या दुसऱ्याच दोघांची नावे होती. दोन वर्षांनी ती बाजूला पडून अंदुरे आणि कळसकर आले. कोल्हापूरच्या खटल्यात मात्र ती दोन फरार नावे अजून आहेत. तपास चुकत-माकत पुढे जातो, हे खरे. पण साक्षीदाराने ओळखले असे दोनदा, दोन वेगळ्या जोड्यांबाबत सांगितले गेले असेल तर शंका घेणाऱ्याला वेड्यात काढता येत नाही. पुण्याच्या न्यायालयाने हा आक्षेप विचारात घेऊनही प्रत्यक्षदर्शींवर विश्वास ठेवला. त्यात पुलावर साफसफाईच्या कामावर असलेला महापालिकेचा एक कर्मचारी होता. वरिष्ठ न्यायालयात हाच मुद्दा पुन्हा येणार.

तिसरी भूमिका कमी ऐकू येते आणि ती काही वकिलांची व नागरी हक्कांच्या कार्यकर्त्यांची आहे. मारले गेलेले लोक ज्या मूल्यांसाठी उभे होते त्यांत कठोर कायद्यांना विरोध हेही एक मूल्य होते. मग त्यांच्याच खटल्यात संघटित गुन्हेगारीचा कायदा लावणे योग्य का? बंगळुरूत कर्नाटक संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, म्हणजे ‘केकोका’, लावला गेला. सामान्य फौजदारी कायद्यात पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुरावा ठरत नाही. या कायद्यात अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढचा ठरतो. शिवाय टोळीचे आधीचे गुन्हे दाखवावे लागतात, त्यामुळे पुणे-कोल्हापूर-धारवाडशी जोडणे हे बंगळुरूच्या खटल्यासाठी निव्वळ कथन राहत नाही, कायदेशीर गरज होते. एप्रिल २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने एका आरोपीवरचा केकोका रद्द केला. कविता लंकेश सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि ऑक्टोबरमध्ये तो पुन्हा लागू झाला.

या तिन्हींत मला स्वतःला पहिली भूमिका पुराव्याच्या जास्त जवळ वाटते. पण एकच कट होता असे वाटणे आणि तो कायद्याने सिद्ध होणे यांतले अंतर दुसऱ्या भूमिकेने दाखवून दिले आहे, आणि पुण्याच्या निकालाने ते मोजूनही दिले.

बाहेर काय घडले

मारेकरी सापडतो आणि सुपारी देणारा सापडत नाही, हे फक्त आपल्याकडेच घडलेले नाही. मॉस्कोत ७ ऑक्टोबर २००६ रोजी पत्रकार अ‍ॅना पोलिटकोव्स्काया यांना त्यांच्या इमारतीत गोळ्या घालण्यात आल्या. २०१४ मध्ये पाच जणांना शिक्षा झाली. खून कुणी करवला हे मात्र पुढे आले नाही, आणि २०१८ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने नेमका त्याच कारणासाठी रशियाला दोषी धरले: मारेकऱ्यांपाशी थांबलेला तपास पुरेसा तपास नव्हे.

माल्टात गौरी लंकेश यांच्या खुनानंतर सहा आठवड्यांनी, १६ ऑक्टोबर २०१७ ला, पत्रकार डॅफ्नी कारुआना गालिझिया यांची मोटार बॉम्बने उडवली गेली. तिथे २०१९ मध्ये एका मोठ्या उद्योगपतीला सूत्रधार असल्याच्या आरोपावरून अटक झाली. त्याहून वेगळी गोष्ट म्हणजे फौजदारी खटल्यापासून स्वतंत्र अशी सार्वजनिक चौकशी झाली आणि २०२१ च्या तिच्या अहवालाने, शिक्षेची भीतीच उरू नये असे वातावरण तयार केल्याबद्दल राज्ययंत्रणेला जबाबदार धरले. कोण दोषी हे खटला सांगतो. हे कशामुळे शक्य झाले हे चौकशी सांगते. आपल्याकडे हे दोन्ही प्रश्न एकाच न्यायाधीशाच्या टेबलावर टाकले गेले आहेत.

युनेस्कोच्या हिशेबाने जगभरातल्या पत्रकारांच्या खुनांपैकी सुमारे ८५ टक्के प्रकरणे न्यायालयीन शेवटापर्यंत पोहोचलेली नाहीत.

काय उरले आहे

बंगळुरूचा खटला जुलै २०२२ मध्ये सुरू झाला. डिसेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने एका आरोपीला जामीन दिला तेव्हा ५२७ पैकी फक्त ९० साक्षीदार तपासून झाले होते. एवढी वर्षे कच्च्या कैदेत ठेवता येत नाही, हे त्या जामिनामागचे कारण. सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द करायला नकार दिला. मग एकेक करून इतरही सुटले आणि जानेवारी २०२५ पर्यंत अटक झालेले सगळे आरोपी या खटल्यात जामीन मिळवून होते. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने पानसरे प्रकरणात सहा जणांना, विलंबाच्याच कारणावरून, जामीन दिला. तिथे आरोप निश्चित व्हायलाच जानेवारी २०२३ उजाडले होते, म्हणजे खुनाला जवळपास आठ वर्षे झाली होती.

जामीन म्हणजे निर्दोषत्व नव्हे, हे सगळ्यांना ठाऊक असते आणि तरी सगळे तसे वागत नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये लंकेश प्रकरणातल्या दोन आरोपींचे विजयपुरात हार घालून स्वागत झाले. ज्या साक्षीदाराला पुढच्या तारखेला उभे राहायचे आहे त्याने ती छायाचित्रे पाहिली असणारच. साक्षीदार किती काळ टिकून राहतात, हा यापुढे बंगळुरू आणि कोल्हापूरच्या खटल्यांतला खरा प्रश्न आहे.

दुसरा प्रश्न देखरेखीचा. पुणे-कोल्हापूरच्या तपासांवर मुंबई उच्च न्यायालय वर्षानुवर्षे लक्ष ठेवून होते. दाभोलकर प्रकरणातली देखरेख एप्रिल २०२३ मध्ये संपली, पानसरे प्रकरणात जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने ती पुढे चालू ठेवण्याची गरज नसल्याचे सांगितले. खटला सुरू झाल्यावर देखरेख थांबावी हे नियमाला धरून आहे. पण सूत्रधाराचा शोध घेण्याची तजवीज मग कुणाकडे राहते, याचे उत्तर कुठल्याच आदेशात नाही.

तिसरा पैशाचा. मोटरसायकली, भाड्याची घरे, प्रवास, शस्त्रे, प्रशिक्षण, वर्षानुवर्षे पूर्णवेळ हेच करणारी माणसे. आरोपपत्रांत या खर्चाचे लहानसहान हिशेब आहेत. तो कुठून येत होता याचे समाधानकारक उत्तर नाही. कटाचा माग माणसांच्या साखळीवरून काढता आला नाही तर पैशावरून काढता येतो, असे आर्थिक गुन्ह्यांचे तपास अधिकारी सांगतात. या चार प्रकरणांत त्या वाटेने कुणी फार दूर गेलेले दिसत नाही.

आणि चौथा निवडीचा. डायरीतल्या यादीत नावे होती, त्यांचा क्रम होता. दाभोलकर, पानसरे, कलबुर्गी आणि लंकेश यांचे विषय एकमेकांपासून बरेच वेगळे: बुवाबाजी, कामगार चळवळ आणि शिवचरित्र, वचन साहित्य, पत्रकारिता. कलबुर्गी तर मुळात ग्रंथालयात रमणारे संशोधक. ही चार नावे एका यादीत आणणारा माणूस मराठी आणि कन्नड, दोन्ही वादविश्वांची बित्तंबातमी ठेवणारा असला पाहिजे. सिंदगीचा किंवा औरंगाबादचा विशी-तिशीतला तरुण ती यादी करीत नाही.

दाभोलकर खटल्यातल्या सुटकेविरुद्धचे अपील मुंबई उच्च न्यायालयात आहे. कट होता की नाही, हे तिथे पुन्हा तपासले जाईल. बंगळुरूच्या विशेष न्यायालयाला मात्र केकोकाखालचे कबुलीजबाब ग्राह्य धरायचे की नाहीत, हे आधी ठरवावे लागेल. ते ग्राह्य ठरले आणि टोळी सिद्ध झाली, तर चार खून एका धाग्यात असल्याचे भारतातल्या एखाद्या न्यायालयाने पहिल्यांदाच म्हटलेले असेल. ते टिकले नाहीत तर पुण्याचे दोन जन्मठेपेचे कैदी हीच या साऱ्या तपासाची जमेची बाजू उरेल. निकाल कोणताही लागला तरी अठरांपैकी एक आरोपी सापडायचा आहे, आणि तो सापडेल तेव्हा त्याच्यापुरता खटला नव्याने उभा करावा लागेल.